पहिला खर्च आपला

हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन माझ्यामुळे लांबलं, असं आमच्या मुलीचं मत आहे आणि ते ती फोनवर अगदी मोकळेपणाने मांडते. मला ते मान्य नाही. ऑपरेशन लांबलं ते सरकारी पुस्तिकेमुळे. मी फक्त ती पुस्तिका वाचत होतो.

त्याचं असं झालं. हाडांच्या डॉक्टरांनी हिच्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि आत आता घासायलाही काही उरलेलं नाही, सांधा बदलावा लागेल, असं सांगितलं. ही म्हणाली, "बदलून टाका." दुकानात बल्ब बदलून मागावा इतक्या सहज. डॉक्टरांनी विचारलं, विमा आहे का. मी म्हणालो, येतोय. कारण पासष्ट पूर्ण झालेल्यांसाठी सरकारची आरोग्य विमा योजना आहे आणि आम्ही दोघंही त्याच सुमारास पासष्ट पूर्ण करत होतो. (ही माझ्यापेक्षा किंचित मोठी आहे. हा विषय आमच्या घरात निघत नाही, म्हणून इथेही तो कंसातच ठेवतो.)

घरी आल्यावर मी हिला सांगितलं, "आधी मला हे प्रकरण नीट समजून घेऊ दे. हप्ता किती, आपला वाटा किती, त्यांचा वाटा किती. डोळे मिटून सही करणाऱ्यांतला मी नाही."

"किती दिवस लागतील?"

"रविवारपर्यंत."

कुठल्या रविवारपर्यंत ते मी बोललो नव्हतो. हा मुद्दा पुढे मुलीशी बोलताना मला फार उपयोगी पडला.

माझी नोकरी पंख्यांच्या कारखान्यात झाली. तिथल्या स्टोअरचा मी मुख्य होतो. माझ्या सहीशिवाय त्या कारखान्यातून एक वायसरसुद्धा बाहेर गेलेला नाही. एकदा मालकांच्या मेहुण्यांनी घरी लावायला म्हणून एक पंखा उचलला, तर मी त्यांच्याकडून पोच लिहून घेतली होती. अशा माणसाला एक सरकारी पुस्तिका समजणार नाही, असं मला वाटायचं काही कारणच नव्हतं.

पुस्तिका पोस्टाने आली. वर एक आजी-आजोबा एकमेकांकडे बघून हसत होते. आतला मजकूर त्यांनी वाचलेला नसावा. मी पहिल्याच पानावर पेन्सिल घेऊन बसलो आणि पहिलंच वाक्य असं निघालं: "लाभार्थ्याने वार्षिक प्रारंभिक स्ववहन मर्यादा पूर्ण केल्याखेरीज, अपवादात्मक बाबी वगळता व सदर बाबींना लागू असलेले अपवाद वगळता, सहभाग देयकाची तरतूद लागू होणार नाही." मी ते मोठ्याने वाचलं. आतून ही म्हणाली, "काय म्हणताय?"

मी म्हणालो, "अजून मी काही म्हणत नाहीये."

तो रविवार गेला. मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते आणि तिच्याकडे प्रत्येक अडचणीवर एक फोन नंबर असतो. तिने योजनेच्या मदत केंद्राचा नंबर दिला. मी फोन लावला. एका बाईंनी मला माझ्या संयमाबद्दल धन्यवाद दिले. मग बासरी वाजली. मग पुन्हा धन्यवाद. इतके धन्यवाद मला निवृत्तीच्या समारंभातही मिळाले नव्हते. शेवटी खरा माणूस फोनवर आला, "बोला" म्हणाला, आणि नेमकी त्याच क्षणी मला शिंक आली. शिंकताना माझ्या गालाने कुठलंतरी बटण दाबलं आणि बासरी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

दरम्यान माझ्या अभ्यासाची बातमी समोरच्या दारात गेली होती. समोर राहतात त्यांना आमच्या इमारतीत न्यायमूर्ती म्हणतात. त्यांनी आयुष्यभर कोर्टात फायली या दालनातून त्या दालनात नेल्या, पण न्यायाच्या इतक्या जवळून वावरल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीवर निकाल देण्याची सवय लागली आहे. शिवाय ते इमारतीचे सचिवही आहेत. ते आत आले, पुस्तिका हातात घेतली, तिचं वजन केल्यासारखी ती वर-खाली हलवली आणि म्हणाले, "सही करू नका."

"का?"

"नियम बदलणार आहेत."

"कधी?"

"ते सांगता येत नाही. पण सही केलेला माणूस अडकतो. मी कोर्टात पाहिलंय."

न्यायमूर्तींनी स्वतः पासष्ट पूर्ण झाल्या दिवशीच सही केली होती, हे मला पुढे त्यांच्या बायकोकडून कळलं. उशीर केला तर हप्ता वाढतो आणि तो जन्मभर वाढलेलाच राहतो, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. मला त्यांनी सांगितली नाही, कारण मी विचारली नव्हती. कोर्टातली शिस्त.

मग वरच्या मजल्यावरच्या शिवणकाकू जिन्यात भेटल्या. त्यांच्या गळ्यात नेहमी टेप असते. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या विम्याचा अभ्यास करताय म्हणे. यात दात येतात का?"

मी म्हणालो, "दात येत नाहीत."

"या वयात येणारही नाहीत," त्या म्हणाल्या. "मी खर्चाचं विचारतेय."

दात, चष्मा आणि कानाचं यंत्र या तिन्ही गोष्टी योजनेत बसत नाहीत, एवढं मला एव्हाना समजलं होतं. मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे अशा आदराने पाहिलं, की खरं सांगतो, मला अभ्यास आणखी वाढवावासा वाटला. पुढच्या आठवड्यात जिन्यात, लिफ्टमध्ये, कचऱ्याच्या डब्यांपाशी लोक मला थांबवून शंका विचारू लागले. नोकरी संपल्यापासून मला कुणी कशासाठी थांबवलं नव्हतं. मी उत्तरं देत होतो. त्यातली काही बरोबरही होती.

ही मात्र दर सकाळी पलंगाच्या कडेला बसून, दोन्ही हातांनी गुडघा धरून, उठण्यापूर्वी थोडा वेळ थांबायची आणि मग एका हाताने भिंत धरत स्वयंपाकघरात जायची. मी विचारायचो, "दुखतंय का?" ती म्हणायची, "तुमचं चालू द्या."

शेवटी मी विमा कार्यालयात गेलो. कार्यालयाच्या तळमजल्यावर जन्मनोंदणी आहे आणि पासष्टीच्या पुढच्यांचा विमा दुसऱ्या मजल्यावर. तान्ह्या बाळांना जिने चढावे लागू नयेत म्हणून ही काळजी घेतलेली असावी. लिफ्ट होती. तिच्यावर "फक्त कर्मचाऱ्यांसाठी" अशी पाटी होती आणि त्या पाटीखाली "बंद आहे" अशी दुसरी पाटी होती, त्यामुळे भेदभाव झाला असं कुणाला म्हणता येत नव्हतं.

खिडकीतल्या बाई पन्नाशीच्या होत्या. त्या म्हणाल्या, "बोला आजोबा." त्यांचा आजोबा होण्यासाठी मला माझ्या जन्माच्या आधीपासून तयारीला लागावं लागलं असतं. पण मी ते सोडून दिलं.

"मला या योजनेचा खर्च समजून घ्यायचाय."

"पुस्तिका मिळाली नाही?"

"मिळाली. वाचली."

"पूर्ण?" असं विचारून त्या मागे वळल्या आणि सहकाऱ्याला म्हणाल्या, "यांनी पूर्ण वाचलीय." सहकाऱ्याने मान वर करून मला पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मग त्यांनी मला समजावलं, आणि हे मी कबूल करतो की त्यांनी ते नीट समजावलं. महिन्याचा हप्ता भरायचाच, आजारी पडा किंवा पडू नका. त्याखेरीज वर्षाला एक ठरावीक रक्कम आहे. तिथपर्यंतचा सगळा खर्च आपला. ती रक्कम ओलांडली की पुढच्या प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा आपला आणि बाकीचं सरकारचं.

"म्हणजे पहिला खर्च आपला," मी म्हणालो.

"पहिला खर्च आपला."

"आणि हे दरवर्षी?"

"दरवर्षी नव्याने."

"समजा, माणूस वर्षाच्या शेवटी आजारी पडला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बरा झाला, तर?"

"तर दोनदा."

"एकाच आजाराला?"

"आजार वेळेत आटपावा," बाई म्हणाल्या. त्या विनोद करत नव्हत्या.

"आणि हॉस्पिटलातल्या खाटेचं काय?"

"दाखल असाल तर खाट योजनेची. निरीक्षणाखाली असाल तर तिचे पैसे तुमच्या खर्चात."

"दोन्हींत फरक काय?"

"डॉक्टर काय लिहितात त्यावर आहे."

"पण दोन्ही वेळा माणूस खाटेवरच असतो ना?"

"खाटेचा संबंध नाही, आजोबा."

मी अर्ज भरून पुढे केला. त्यांनी तो परत केला. नवरा-बायकोचा अर्ज एकत्र असतो आणि दोघांनी समोर सही करायची असते. मी सांगितलं की बायकोचा गुडघा गेलाय, ती दोन मजले चढू शकत नाही, त्या गुडघ्यासाठीच तर हा अर्ज आहे. बाई म्हणाल्या, तसं डॉक्टरांचं पत्र आणा, मग आमचा माणूस घरी येऊन सही घेईल. मी पत्र आणलं. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "रुग्णास जिना चढताना अत्यंत कष्ट होतात."

"कष्ट होतात म्हणजे चढतात," बाई म्हणाल्या.

तेव्हा हिला घेऊन गेलो. पहिल्या मजल्यापर्यंत ती कठडा धरून गेली. तिथे ती पायरीवरच बसली. माणसं तिला वळसा घालून वर-खाली करत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती समोरच्या भिंतीवरची रंगाची पोपडी बघत होती. मला म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा. नंबर जाईल."

मी पुढे झालो. कुणीतरी नंबर सांभाळायला हवाच होता.

ती वर पोचली तेव्हा आमचा नंबर लागतच होता, म्हणजे माझं जाणं चुकलं असं म्हणता येणार नाही. त्या दिवशी खिडकीत वेगळ्या बाई होत्या. त्यांनी हिची सही घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही कशाला एवढ्या वर आलात? घरून सही करून अर्ज खाली पेटीत टाकला असता तरी चाललं असतं."

ही कठडा धरून एकेक पायरी उतरली. घरी येऊन तिने गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि विचारलं, "आता तरी डॉक्टरांकडून तारीख घ्यायची ना?"

"घ्यायची," मी म्हणालो. "फक्त तुझ्या ऑपरेशनचा आपला वाटा नेमका किती, ते एकदा काढतो. म्हणजे अंधारात उडी नको."

तिने टीव्हीचा आवाज वाढवला. त्या दिवशी मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, आईचा गुडघा आणि तुमचा अभ्यास, यांचा एकमेकांशी संबंध काय?" मी म्हणालो की आर्थिक नियोजन ही गोष्ट तिच्या पिढीला कळणार नाही. ती बँकेत कर्ज विभागात आहे.

यानंतर न्यायमूर्ती एक प्रस्ताव घेऊन आले. इमारतीत पासष्टीच्या आसपासची बरीच मंडळी होती आणि सगळे मला जिन्यात गाठत होते. त्यापेक्षा तळमजल्यावरच्या हॉलमध्ये एकदाच काय ते सांगून टाकावं. "वक्ता तुम्ही," ते म्हणाले. "अध्यक्ष मी."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण माणसाला वक्ता म्हटलं की त्याच्या आतलं काहीतरी सैल होतं. मी चार दिवस खपून एक तक्ता तयार केला. भिंतभर कागद, तीन रंगांची शाई. खाली हप्ता, त्यावर पहिला खर्च, त्यावर पाचवा हिस्सा, आणि सर्वांत वर अपवाद. कारखान्यातल्या माझ्या कपाटांच्या नकाशापेक्षाही तो देखणा झाला होता. ही येऊन तो बघून गेली. तिने एवढंच विचारलं, "यात माझा गुडघा कुठाय?" मी दुसऱ्या रांगेवर बोट ठेवलं.

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला. शिवणकाकू पहिल्या रांगेत होत्या. ही मागे दाराजवळ बसली होती, कारण तिला पाय लांब करायला जागा लागते. न्यायमूर्तींनी प्रास्ताविकात सांगितलं की हा विषय अत्यंत गुंतागुंतीचा असून वक्त्यांना तो समजलेला आहे असं त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. मग मी बोलायला लागलो. अर्धा तास तर छान गेला. लोक लिहून घेत होते. मधेच न्यायमूर्तींनी हरकत घेतली, "ही वर्षाची मर्यादा नवरा-बायकोला मिळून एक, की दोघांच्या दोन?"

पुस्तिकेत याचं उत्तर अपवादांच्या अपवादांत होतं आणि त्या पानावर पोचायच्या आत मी नेहमी थकत असे. पण सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "शरीरं दोन, तेव्हा मर्यादा दोन." टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांच्या भरात मी वरची रांग दाखवायला निघालो. हात पोचेना. मी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. शिवणकाकूंनी विचारलं, "आणि घसरून पडलं तर त्याचा खर्च कशात धरायचा?" मी स्टुलावर चढत म्हणालो, "घसरून पडणं हे दुसऱ्या रांगेत येतं," आणि दुसरी रांग दाखवायला वाकलो. स्टुलाचा एक पाय आखूड होता.

मी तक्त्यासकट खाली आलो. काही क्षण हॉलमध्ये कुणी हललं नाही. नंतर मला कळलं की बऱ्याच जणांना तो व्याख्यानाचा भाग वाटला होता. एका गृहस्थांनी ते लिहूनही घेतलं होतं. सर्वांत आधी माझ्यापाशी पोचली ती ही. दारापासून व्यासपीठापर्यंत, त्या गुडघ्यावर. कशी आली ते मी पाहिलं नाही, माझ्या तोंडावर तक्ता होता.

हॉस्पिटलात घोट्याचं हाड मोडल्याचं निघालं. शिवाय डोकं फरशीवर आपटलं होतं, तेव्हा आजची रात्र इथेच राहा, असं तरुण डॉक्टरांनी सांगितलं. मला वॉर्डात नेलं, निळे कपडे घातले, हातात सुई टोचली, पायाशी उशी दिली. कुणीही म्हणेल की हा माणूस हॉस्पिटलात आहे. पण मी पुस्तिका वाचलेला माणूस. मी सिस्टरना विचारलं, "सिस्टर, मी इथे दाखल आहे का?"

"आराम करा," त्या म्हणाल्या.

हे उत्तर नव्हतं. ड्युटी बदलल्यावर मी दुसऱ्या सिस्टरना विचारलं, "मी हॉस्पिटलात आहे असं धरायचं का?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. सलाइन बदलायला आलेल्या माणसाला विचारलं, "कागदोपत्री मी नक्की कुठे आहे?" तो रिकामी बाटली घेऊन निघून गेला. सकाळी तरुण डॉक्टर आले, त्यांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि अतिशय मायेने विचारलं, "बाबा, आज वार कोणता? आपण आत्ता कुठे आहोत?"

मी म्हणालो, "तेच तर मी कालपासून विचारतोय."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. रुग्णास स्थळाचं भान नाही, असं ते होतं. लगेच माझ्या डोक्याचा स्कॅन झाला. त्यात काही निघालं नाही, म्हणून दुसरा, अधिक बारीक स्कॅन झाला. मी पडल्या पडल्या सगळ्यांना सांगत होतो की माझ्या डोक्याला काही झालेलं नाही, मी फक्त खाटेचे पैसे कोण देणार ते विचारतोय. पण डोक्याला काही झालेला माणूसही असंच सांगणार, हे मलाही पटत होतं. दुसरी रात्रही तिथेच काढली. आणि शेवटी कळलं ते असं, की मी दाखल नव्हतो. दोन्ही दिवस मी निरीक्षणाखाली होतो. खाट माझी, सुई माझी, उशी माझी, दोन्ही स्कॅन माझे.

घरी सोडताना मला चाकाच्या खुर्चीत बसवून बिलाच्या काउंटरपाशी नेलं. ही शेजारी भिंतीला टेकून उभी होती. काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "हे सगळं पहिल्या खर्चात जातंय. म्हणजे पूर्ण तुम्हालाच भरावं लागेल."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. त्या क्षणी ही एकच गोष्ट माझ्याकडे उरली होती.

"पण तुमची या वर्षाची मर्यादा यात भरली," तो म्हणाला. "आता तुम्हा दोघांना वर्षअखेरपर्यंत फक्त पाचवा हिस्सा."

"दोघांना?" ही भिंतीपासून सरळ झाली.

"हो, नवरा-बायकोची मर्यादा एकत्रच असते. अर्ज एकत्र असतो ना, म्हणून."

हॉलमधल्या टाळ्या माझ्या कानांत पुन्हा वाजल्या. मी एक्स-रेच्या पाकिटाची कड सरळ करत बसलो.

"म्हणजे आता माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं," ही म्हणाली, "तर पहिला खर्च नाही?"

"तो तर यांनी केलाच की," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "तुम्ही दाखल व्हाल, तेव्हा खाटही योजनेची."

"वर्ष कधी संपतं?"

"पुढच्या महिन्यात."

हिने पर्स खांद्यावर घेतली. "हाडांचे डॉक्टर कितव्या मजल्यावर बसतात?"

मी म्हणालो, "थांब जरा, आधी घरी जाऊन नीट..."

ती लिफ्टकडे निघाली होती. तिथली लिफ्ट चालू होती. मला मागे वळायचं होतं, पण खुर्चीचे ब्रेक कुठे असतात ते मला माहीत नव्हतं. त्यामुळे ती तारीख घेऊन परत येईपर्यंत मी काउंटरकडे तोंड करून तसाच बसलो. माझ्या मागे बिल भरणाऱ्यांची रांग लागली आणि प्रत्येक जण मला विचारत होता की मी रांगेत आहे का. या प्रश्नाचंही मला नक्की उत्तर देता आलं नाही.

पुढच्या दिवसांबद्दल फार सांगत नाही. शिवणकाकू पायजमा उसवून माझ्या प्लास्टरच्या मापाचा करून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मर्यादा एकच आहे म्हणे." न्यायमूर्ती आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी हरकत घेतली होती. नोंद आहे." मुलगी रजा घेऊन आली. तिने तक्त्याची गुंडाळी माळ्यावर टाकली आणि मला विचारलंही नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी कुबड्या बाजूला ठेवून हिच्या स्ट्रेचरशेजारी बसलो होतो. मुलगी कसलीतरी सही करायला गेली होती. हिच्या केसांवर निळी टोपी होती, अंगठी आणि चष्मा काढून घेतला होता. चष्म्याशिवाय ती फार लहान दिसते. छताकडे बघत ती म्हणाली, "अहो, किती लागतील आपल्याला?"

आकडा माझ्या खिशात होता. नव्या हिशेबाने, पाचव्या हिश्शासकट, औषधं वेगळी धरून काढलेला. मी खिशात हात घातलाही. पण तिने स्ट्रेचरची दांडी धरली होती आणि तिची बोटं पांढरी झाली होती. अगदी त्या जिन्यात तिचा चेहरा झाला होता तशी. तेव्हा मी पुढे गेलो होतो.

मी म्हणालो, "लागतील तेवढे लागतील."

तिने मान वळवली. चष्मा नसल्यामुळे मी तिला नीट दिसत नसणार, तरी तिने बराच वेळ पाहिलं. "म्हणजे तुम्हाला अजून समजलेलं नाहीच."

"नाही."

"बरं," ती म्हणाली. दांडीवरचा हात सुटला आणि माझ्या हातावर आला. ते तिला आत नेईपर्यंत तो तिथेच होता.

ऑपरेशन सुरळीत झालं. तीन आठवड्यांनी मुलगी परत गेली आणि बिल आलं. ते माझ्या आकड्यापेक्षा बरंच कमी होतं. मी सगळा हिशेब पुन्हा केला, पुस्तिका पुन्हा काढली, अपवादांच्या अपवादांपर्यंत गेलो. जमेना. शेवटी विमा कार्यालयात फोन लावला. योगायोगाने पहिल्या दिवशीच्याच बाई होत्या.

"बिल चुकलंय," मी म्हणालो.

"किती जास्त आलंय?"

"कमी आलंय."

त्या म्हणाल्या, "कमी आल्याची तक्रार आम्ही घेत नाही, आजोबा."

"तक्रार नाही. का कमी आलं, ते मला समजून घ्यायचंय." पण तोपर्यंत बासरी सुरू झाली होती. मी फोन कानाला लावून, प्लास्टरचा पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून, बिलाकडे बघत बसून राहिलो.

कधीतरी ही आली, एक कप माझ्यासमोर ठेवला आणि दुसरा घेऊन खिडकीशी जाऊन बसली. "ठेवा तो फोन," ती म्हणाली. "चहा निवेल."

मी फोन ठेवला. चहा चांगला झाला होता. अर्धा कप पिऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की स्वयंपाकघरातून इथपर्यंत येताना तिच्या दोन्ही हातांत कप होते.